व्यासपीठावर अंकुश हवा

माझं माहेर नगरचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियातलं. सासर वसईचं, कॅथलिक. शेजारचं कुटुंब नालासोपाऱ्यातल्या पेन्टेकॉस्टल सभेला जातं, अधूनमधून मीही जाते. त्यामुळे कुणाचा उपदेश चांगला, असं मला हमखास विचारलं जातं. विचारणारे वेळ मोजतात, आवाज मोजतात. मी बघते ते बोलणाऱ्यावर अंकुश कशाचा आहे.

नगरला पाळकसाहेबांनी अध्याय सांगितला की मंडळीत पानांची सळसळ व्हायची. साहेब पाऊण तास एकेक वचन उलगडून सांगत. वडिलांच्या बायबलात लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि समासात उपदेशाच्या तारखा. दुपारी जेवण झालं की ते संदर्भ पडताळून बघत. ऐकणाऱ्याच्या मांडीवर शास्त्र उघडं असलं की वचन सोयीनं वाकवता येत नाही. मात्र शास्त्रभाग साहेबच निवडत आणि अवघड भाग राहून जात.

वसईत तसं चालत नाही. कॅथलिक चर्चनं 1969 साली रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र ठरवून दिलं. लूकच्या सोळाव्या अध्यायात एक अप्रामाणिक कारभारी आहे आणि धनी चक्क त्याची वाहवा करतो. हा दाखला माहेरी ऐकल्याचं मला आठवत नाही. इथं तो दर तीन वर्षांनी येतो, 2025च्या सप्टेंबरातही आला. फादरांना त्यातून सुटका नाही. प्रवचन आठ मिनिटांच्या आत संपवा, असं पोप फ्रान्सिस यांनी 2024 साली सांगितलं. आठवडाभर तयारी केली असेल तर आठ मिनिटं पुरतात. उणीव आहे ती ऐकणाऱ्यांकडे: मिस्साला बायबल घेऊन येणारे फार थोडे.

नालासोपाऱ्याच्या सभेत लोक नुसते ऐकत नाहीत. धुणीभांडी करणारी बाई उठून साक्ष देते, सगळी सभा ‘आमेन’ म्हणून तिला धीर देते. याला परदेशी थेर म्हणणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन आठवावं. 1905 साली तिथल्या मुली आणि बायका मोठमोठ्यानं प्रार्थना करत होत्या. पण याच मंचावरून मी एकदा ऐकलं, ‘विश्वास कमी पडतो म्हणून आजार हटत नाही.’ माझ्या शेजारी आजारी लेकराला घेऊन एक आई बसली होती. तिनं मान खाली घातली. कुठल्या वचनाच्या आधारावर बोलता, हे विचारायची तिथं सोय नव्हती. आजारी माणसावर असा दोष टाकणं हा अन्याय आहे.

म्हणून माझी सूचना. दरवर्षी 18 ते 25 जानेवारीला ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह असतो. मिस्सातलं प्रवचन कॅथलिक नियमानुसार धर्मगुरू किंवा डीकननंच द्यायचं असतं. म्हणून त्या सप्ताहात मिस्साऐवजी संध्याकाळची संयुक्त प्रार्थना ठेवावी. एकच अवघड शास्त्रभाग आधी जाहीर करावा. त्यावर फादर, पाळक आणि पास्टर यांनी पंधरा-पंधरा मिनिटं बोलावं. लोकांनी आपापलं बायबल घेऊन यावं आणि शेवटी उघडपणे प्रश्न विचारावेत. पहिले प्रश्न बायकांचे घ्यावेत. वर्षानुवर्षं सगळ्यांत जास्त ऐकून घेतलंय ते त्यांनीच.