अद्भुताची अट

चित्रपटांविषयीं सुशिक्षित घरांत बोलणें निघालें म्हणजे एक वाक्य हमखास कानीं पडतें : ‘राक्षस-पऱ्यांचे ते खेळ मुलांसाठीं ठीक आहेत, आपल्याला कांहीं तरी वास्तव हवें.’ हें बोलणाराच्या मुद्रेवर प्रौढपणाचें जें समाधान विलसत असतें, त्याची कींव करावी कीं त्याचा राग धरावा, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. कारण हेच गृहस्थ प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहावयास बसले कीं शेवटच्या वैकुंठगमनाच्या दृश्यापाशीं त्यांचे डोळे पाणावतात. त्या वेळीं त्यांस वास्तवाची आठवण होत नाहीं. अद्भुत देवाच्या नांवानें आलें तर वंदनीय, आणि नुसत्या कथेच्या नांवानें आलें तर बालिश, असा हा न्याय आहे. तो आम्हांस मान्य नाहीं.

पडद्याला गोष्ट सांगावयास ज्यांनीं शिकविलें त्यांत जादूगार पुढें होते, हें विसरून चालणार नाहीं. १९०२ सालीं प्रेक्षकांना चंद्रावर नेऊन आणणारा पॅरिसचा जॉर्ज मेलिएस हा मूळचा रंगमंचावरील जादूगार. आमचे दादासाहेब फाळके यांनींहि आपलें आडनांव उलटें फिरवून ‘प्रोफेसर केल्फा’ या नांवानें जादूचे प्रयोग केले होते. पुढें ‘लंकादहन’ (१९१७) मध्यें त्यांनीं मारुतीला आकाशांत उडविलें, आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्यें आपल्याच लहानग्या कन्येला कृष्ण करून कालियाशीं झुंजविलें. तेव्हां अद्भुत हें चित्रपटाला मागाहून चिकटलेलें बांडगूळ नव्हे. तें त्याच्या मुळांतच आहे.

आतां आक्षेपकांचा खरा मुद्दा घेऊं. ते म्हणतात, या चित्रपटांतील संकेत ठराविक असतात. तीच मंतरलेली अंगठी, तेच तीन वर, तीच न उघडावयाची खोली! आम्ही म्हणतों, संकेत ठराविक आहेत हें खरें. पण ते काय करतात हें तुम्हीं कधीं पाहिलें आहे काय? यांतला प्रत्येक संकेत म्हणजे एकेक अट आहे. भरतमुनींनीं अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय हा सांगितला. विस्मयाला आधीं नियम लागतो. जेथें कांहींहि घडूं शकतें, तेथें कशाचेंच नवल वाटत नाहीं. काव्य वाचतांना आपण अविश्वास स्वेच्छेनें बाजूला ठेवतों, असें कोलरिजनें १८१७ सालीं लिहिलें. टॉल्किननें १९३९ सालच्या आपल्या परीकथांवरील व्याख्यानांत त्याच्या पुढें पाऊल टाकलें. कथाकारानें रचलेलें जग जर स्वतःच्या नियमांना धरून असेल, तर अविश्वास बाजूला सारण्याचा प्रश्नच उरत नाहीं. त्या जगांत असेपर्यंत आपण त्यावर विश्वासच ठेवतों, असें त्याचें म्हणणें.

उदाहरण म्हणून १९४० चा ‘बगदादचा चोर’ घ्या. त्यांत म्हैसूरकडील एका माहुताचा मुलगा साबू यानें चोर पोराचें काम केलें आहे. बाटलींतला जिनी त्याला तीन वर देतो, आणि पहिल्याच वरांत हें भुकेलेलें पोर आईच्या हातच्यासारखें खाणें मागून बसतें! प्रेक्षक हंसतो आणि त्याच क्षणीं चरकतो. कारण आतां दोनच उरले. वर संपतांच जिनी त्याला निर्जन दरीखोऱ्यांत एकटें टाकून निघून जातो. वर अमर्याद असते तर त्या भुकेची किंमत आम्हांस कळली असती काय?

याहून जवळचा दाखला म्हणजे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८). नारायण धारप यांच्या कथेवरून स्फुरलेल्या या हिंदी चित्रपटाचें गांव मात्र आमच्या कोंकणांतलें. वाड्याच्या गर्भांत हस्तर आहे, त्याच्यापाशीं सोन्याच्या मोहरा आहेत. पिठाची बाहुली त्याच्यापुढें टाकावी, तो ती खाण्यांत गुंतला कीं मोहरा ओरबाडाव्या आणि दोरावरून वर यावें. नियम एवढाच. पुढें लोभ वाढतो, आणि एका खेपेस पुष्कळ मोहरा मिळाव्या म्हणून पुष्कळ बाहुल्या नेल्या जातात. जितक्या बाहुल्या तितकेच हस्तर उभे राहतात! येथें कोणी उपदेश करीत नाहीं. नियमच लोभाला शासन करतो. पिढीजात लोभाचें इतकें नेमकें दर्शन किती ‘वास्तववादी’ चित्रपटांनीं घडविलें आहे? याला पलायन म्हणणाराचें डोकें तरी ठिकाणावर नाहीं किंवा त्यानें चित्रपट तरी पाहिलेला नाहीं. हाच चित्रपट २०२४ सालीं पुन्हां लागला तेव्हां पहिल्या वेळेहून अधिक चालला, यावरून प्रेक्षक दिसतो तितका अडाणी नाहीं असें आम्ही समजतों.

पण आमचें भांडण केवळ नाक मुरडणारांशीं नाहीं. हल्लीं अद्भुताच्या नांवावर जे अवाढव्य खेळ निघतात, त्यांच्या निर्मात्यांशींहि आहे. संगणकानें ‘अशक्य’ हा शब्दच स्वस्त करून टाकला. नगरें कोसळतात, लक्षावधींच्या सेना भिडतात, नायक कड्यावरून पडतो आणि धूळ झटकून उठतो. प्रेक्षक मात्र चिवडा खात असतो. कोणी म्हणेल, तुम्ही यंत्राचे वैरी आहां. मुळींच नाहीं. ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) मध्यें बाबुभाई मिस्त्री यांनीं काळ्या दोऱ्यानें वस्तू हलवून अदृश्य माणूस दाखविला आणि ‘काला धागा’ हें टोपणनांव मिळविलें. टॉल्किनच्याच कादंबरीवरील तीन चित्रपटांत (२००१–०३) संगणकाचा भरपूर उपयोग आहे. तरी अंगठी बाळगण्याची किंमत त्या वाहकाच्या चेहऱ्यावर उत्तरोत्तर दिसत जाते. धागा दोऱ्याचा असो वा गणिताचा, त्याच्या टोकाला अट बांधलेली आहे कीं नाहीं, एवढेंच आम्ही विचारतों.

या अधोगतीचा दोष एकट्या व्यापाऱ्यांच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें होईल. सुशिक्षितांनीं ‘मुलांचें खूळ’ म्हणून हें क्षेत्र सोडलें, म्हणूनच तें बाजाराच्या हातीं गेलें. आणि जें आपण मुलांसाठीं ठीक म्हणतों, त्यावरच मुलांची अभिरुचि घडत असते. म्हणून आमची विनंती अशी कीं, आईबापांनीं मुलांना नुसतीं तिकिटें काढून न देतां त्यांच्याबरोबर जाऊन बसावें, आणि घरीं परततांना त्यांना एकच प्रश्न विचारावा : ‘त्याला जादू मिळाली खरी, पण त्यानें त्याबद्दल दिलें काय?’ ज्या चित्रपटापाशीं या प्रश्नाला उत्तर नाहीं, तो कितीहि कोटी खर्चून काढलेला असो, त्यांतलें अद्भुत फुकटचें आहे असें खुशाल समजावें.