न खाल्लेल्या मिठाची निमकहरामी

ज्याचे मीठ खाल्ले नाही त्याच्याशी निमकहरामी करता येत नाही, हा व्यवहारातील साधा न्याय आहे. ज्युलियन असांज यांच्यावर खटला भरताना अमेरिकेच्या सरकारला नेमका याच न्यायाचा विसर पडला. असांज ऑस्ट्रेलियाचे नागरिक. अमेरिकेची चाकरी त्यांनी कधी केली नाही की तिची गुपिते राखण्याची शपथ घेतली नाही. २०१० च्या जुलै व ऑक्टोबर महिन्यांत 'विकिलीक्स'ने अफगाणिस्तान व इराक येथील युद्धांची कागदपत्रे जगापुढे ठेवली, तेव्हा ते लंडनमध्ये होते. तरीही मे २०१९ मध्ये त्यांच्यावर १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली सतरा आरोप ठेवण्यात आले.

पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत झालेल्या या कायद्याचा अंमल मुळात अमेरिकेच्या अधिकारक्षेत्रापुरता आणि खुल्या समुद्रापुरता होता. १९६१ साली ही मर्यादा काढून टाकण्यात आली आणि कोठल्याही देशात केलेल्या कृत्याला तो लावण्याचा मार्ग मोकळा झाला. पण कायद्याचे हात लांब झाले म्हणून त्याच्या छत्राची सावली लांब झाली असे नव्हे. अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेल्या भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण परदेशी आरोपीला मिळणार नाही, असा युक्तिवाद सरकारी पक्ष करू शकेल, असे इंग्लंडमधील न्यायालयापुढे सांगण्यात आले होते. या मुद्द्यावर मिळालेले आश्वासन लंडनच्या उच्च न्यायालयाला अपुरे वाटले आणि मे २०२४ मध्ये त्याने असांज यांना अपिलाची परवानगी दिली. शिक्षेपुरता आपला आणि हक्कापुरता परका, हा कोठला न्याय?

यावर विचारले जाईल की, मग राष्ट्रांनी आपली गुपिते राखावयाची कशी? प्रश्न रास्त आहे. गुपित राखण्याचे बंधन विश्वासातून उत्पन्न होते. ज्याच्या हाती सरकारने कागद सोपविला, त्याने तो फोडला तर सरकारने त्याला जाब विचारावा. ही कागदपत्रे पुरविणाऱ्या चेल्सी मॅनिंग या सैनिकाला २०१३ मध्ये पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे २०१७ मध्ये ती कमी करण्यात आली. ती शिक्षा कठोर होती, पण तेथे न्यायासन कोणाचे याविषयी वाद नव्हता. परक्याने लाच देऊन वा संगणक फोडून कागद चोरला, तर ती चोरीच आहे. असांज यांच्यावर तसा एक स्वतंत्र आरोप होता आणि त्याची शहानिशा स्वतंत्रपणे करता आली असती. २०११ मध्ये खबऱ्यांची नावे न वगळता तारा प्रसिद्ध झाल्या, त्याचेही समर्थन आम्ही करणार नाही. परंतु हाती आलेले छापणे म्हणजे हेरगिरी, हे मात्र आम्हाला मान्य नाही.

हे तत्त्व एकदा स्वीकारले की ते एकट्या अमेरिकेपुरते राहत नाही. चीनने २०२० मध्ये हाँगकाँगवर लादलेल्या सुरक्षा कायद्याच्या अडतिसाव्या कलमाने बाहेरच्या देशांतील परक्यांनाही आपल्या कक्षेत ओढले. त्या कायद्यावर अमेरिकेने कडक टीका केली. जे बीजिंगने करू नये ते वॉशिंग्टनने तरी का करावे? प्रत्येक राजधानीने असाच हात लांबविला, तर मुंबईतील संपादकाने कोणकोणत्या देशांची गुपिते सांभाळावयाची?

आपला १९२३ चा शासकीय गुपिते कायदा ब्रिटिश अमदानीतला आहे आणि त्यात दोष पुष्कळ आहेत. परंतु देशाबाहेर तो केवळ सरकारी नोकरांना आणि भारतीय नागरिकांना लागू होतो. ही मर्यादा योग्य आहे. ती ओलांडण्याचा मोह कोणत्याही सरकारने धरू नये.

असांज यांनी जून २०२४ मध्ये सायपान येथील न्यायालयात एक आरोप कबूल केला आणि ब्रिटनमधील तुरुंगात काढलेली पाच वर्षे हीच शिक्षा समजून ते मायदेशी परतले. माणूस सुटला, प्रश्न मात्र अनिर्णित राहिला आणि तो कायदाही तसाच उभा आहे. म्हणूनच, आपल्या भूमीवर राहून परदेशाचे गुपित छापल्याबद्दल कोणालाही त्या देशाच्या हवाली केले जाणार नाही, असे भारत सरकारने आजच निःसंदिग्धपणे जाहीर करावे. अशी ग्वाही प्रसंग ओढवण्यापूर्वी दिली तरच तिला किंमत असते.