घर घेताना शाळेची वाटही विचारा

अक्षय्य तृतीया जवळ आली की बेळगावात प्लॉट आणि फ्लॅटच्या चौकशीला जोर येतो. पत्रके हातात पडतात. ‘विद्यापीठापासून दहा मिनिटांवर’, ‘भाड्याची खात्री’ अशी आमिषे त्यांत असतात. घर घेणारा माणूस दर विचारतो, रस्त्याची रुंदी विचारतो, पाणी कितव्या दिवशी येते तेही विचारतो. पण आपल्या मुलाला चालत जाता येईल अशी मराठी शाळा जवळपास आहे का, हे विचारणारा आम्हांला क्वचितच भेटतो. सीमाभागात हा प्रश्न भाषेच्या भवितव्याशी जोडलेला आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

१९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ येथे आले. २००६ साली केएलई संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०१० साली भुतरामहट्टी येथे राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले. गाव विद्यापीठांचे शहर बनले. वस्ती खानापूर रस्त्याने मच्छेकडे सरकली, दुसऱ्या अंगाला नेहरूनगरच्या पुढे काकतीकडे वाढली. शहापूर, वडगाव, अनगोळ येथील गल्ल्यांत वाटण्या झाल्या, जागा अपुरी पडू लागली आणि तरुण कुटुंबे नव्या वसाहतींत गेली. त्यात गैर काही नाही. ऐसपैस घर कोणाला नको?

मात्र याचा हिशेब शाळेच्या हजेरीपटावर उमटतो. १९४९ साली प्रांतीय शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणासाठी जे निकष ठरवले, ते आजही भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा आधार मानले जातात. एका वर्गात त्या भाषेची १० मुले किंवा साऱ्या शाळेत ४० मुले असतील, तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, असा तो निकष. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ३५० अ ने मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी राज्यांवर टाकली. १० मुले म्हणजे किती? फार तर आठ घरे! एका गल्लीतील आठ घरे चार दिशांना पांगली की जुन्या शाळेचा वर्ग निकषाखाली जातो आणि नव्या चारही ठिकाणी १० चा आकडा भरत नाही. मुले तेवढीच राहतात, पण हक्क हातचा जातो.

शाळा सुधारणा समितीच्या बैठकांत आम्ही पालकांची बाजू ऐकतो. “सर, शाळा चांगली आहे, पण पोराला दोन बस बदलून कसे पाठवू?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नसते. इंग्रजी शाळेची गाडी दारात येते आणि माध्यमाचा निर्णय गाडीच करून टाकते. खरे तर तो निर्णय घराचा विसार दिला त्याच दिवशी झालेला असतो. येथे आमचाही दोष कबूल केला पाहिजे. मराठीवर भाषणे देणाऱ्या आम्हां शिक्षक-कार्यकर्त्यांपैकी किती जणांची मुले-नातवंडे मराठी शाळेत आहेत? हा आरसा आम्हांलाही चुकवता येणार नाही.

याचा अर्थ मराठी माणसाने वेगळी आळी करून राहावे, असा नव्हे. कन्नड शेजार हा या गावाचा जुना सुखाचा ठेवा आहे. सणाचे ताट दोन्ही घरांतून फिरत आले आहे. शिवाय कन्नड वाचता येणे ही घर घेणाऱ्याची गरजच आहे. आमच्या एका सहकाऱ्याने आयुष्याची पुंजी घालून जागा घेतली. खरेदीपत्र कन्नडमध्ये होते. मध्यस्थाने सांगितले त्यावर विश्वास ठेवून सही केली. जमीन बिगरशेती झालेलीच नव्हती, हे पुढे कळले. घर बांधायची परवानगी नाही, पैसेही अडकले. मातृभाषेतून शिकलेले, पण कन्नड उत्तम जाणणारे मूल घरात असते, तर ही वेळ आली नसती.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. जागा पाहायची ती एकदा भर पावसात पाहा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहराच्या सखल भागांत शिरलेले पाणी विसरू नका आणि बळ्ळारी नाल्याच्या काठची स्वस्ताई तपासून घ्या. बिगरशेतीचा आदेश, बुडाची मंजुरी, ई-खाता आणि बोजा प्रमाणपत्र जाणकाराकडून शब्द न् शब्द वाचून घ्या. मग मुलाचा हात धरून सकाळी शाळेच्या वेळेला जवळच्या मराठी शाळेपर्यंत चालत जा. वाटेत रेल्वे गेट लागते का, रस्ता एकट्या मुलाला ओलांडता येतो का, हे पाहा. शाळा नसेलच, तर वसाहतीतील मराठी पालकांनी एकत्र येऊन, शाळा सुरू होण्याआधी तीन महिने, मातृभाषेच्या शिक्षणाची मागणी लेखी नोंदवावी. अशा आगाऊ नोंदणीची तरतूद आहे, परंतु मागणारे नसले तर वही कोरीच राहते.

सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा निकाल न्यायालय देईल. पण पुढल्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गात १० मुले बसतील की नाही, हे आपल्यापैकी आठ कुटुंबे ठरवणार आहेत. घराचा व्यवहार करण्यापूर्वी एवढी एक चौकशी अवश्य करावी.