जुन्या गाडीचे मोल

कोकणातील एखाद्या जुन्या घराच्या मांगरात शिरले, की गवताचे भारे, मोडके नांगर आणि फुटकी मडकी यांच्या आड कधी कधी एक लाकडी चाक भिंतीला टेकून उभे असलेले दिसते. त्याच्या लोखंडी धावेवर गंज चढलेला असतो. दोन आरे गळून पडलेले असतात. तुंब्याच्या भोकात कोळ्याने जाळे विणलेले असते. घरातील माणसे त्याच्याकडे दोनच दृष्टींनी पाहतात. कोणी म्हणतो, "फोडा ते, चार दिवसांचे सरपण होईल." कोणी म्हणतो, "झकास रंग देऊन अंगणात मांडा, शोभा येईल." वरवर पाहता या दोन मतांत फार अंतर आहे, पण एका बाबतीत दोघेही सारखेच चुकतात. हे चाक कसे केले, आणि तसे दुसरे चाक करणारा माणूस आज पंचक्रोशीत उरला आहे की नाही, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडत नाही. जुन्या वाहनांच्या जतनाचा सारा विचार मात्र याच प्रश्नात साठवला आहे.

सिंधुदुर्ग हा खाड्यांचा, घाटांचा आणि जांभ्या दगडाचा मुलूख. येथे पूर्वी बहुतेक प्रवास पायी किंवा होडीने होई. ऐपतदार माणसे पालखीत अथवा मेण्यात बसत. जेथे सडक झाली, तेथेच चाक पोहोचले. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल बैलगाड्यांतून घाट चढून बेळगावास जाई. पुढे 1888 च्या सुमारास मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि वेंगुर्ल्याच्या वाटेवरील वर्दळ ओसरली. घोड्याच्या गाड्यांचे खरे राज्य होते ते मोठ्या शहरांतील रुंद रस्त्यांवर. पुण्यात टांगा होता, मुंबईत व्हिक्टोरिया होती, संस्थानिकांच्या पागेत बग्ग्या होत्या. घाटापलीकडे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या 'खडखडा' नावाच्या गाडीची आठवण अजून निघते. बग्गी हाकणाऱ्यास लोक 'कोचमन' म्हणत. या शब्दाचे मूळ थेट हंगेरी देशातील कोच नावाच्या एका खेड्यात आहे. तेथील सुतारांनी केलेल्या गाड्या इतक्या नामांकित झाल्या, की त्यांच्या गावाचेच नाव युरोपातील अनेक भाषांत गाडीला मिळाले. खेड्यातील कारागिरांच्या हातांना याहून मोठा मान कोणता मिळावा?

या मानाचे मर्म समजावयाचे असेल, तर चाक कसे घडते ते पाहिले पाहिजे. चाक म्हणजे लाकडाची गोल फळी, असे पुष्कळांस वाटते. तसे ते नव्हे. मध्यभागी असतो तुंबा. तो चांगल्या वाळलेल्या, टणक लाकडाचा हवा. देशावर यासाठी बाभूळ पसंत करीत. तुंब्याच्या खाचांत आऱ्यांची कुसवे घट्ट बसवावी लागतात. आरे शक्यतो करवतीने कापीत नाहीत. लाकडाच्या रेषेरेषेने ते चिरून काढतात. कारण रेषा मध्येच तुटली, की आरा पहिल्याच खड्ड्यात दगा देतो. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर कमानीसारखे वाकलेले तुकडे बसतात. त्यांना पुठ्ठे म्हणतात. बहुधा एका पुठ्ठ्यात दोन आरे धरलेले असतात. सर्व पुठ्ठे एकमेकांस भिडले म्हणजे वर्तुळ पुरे होते.

येथे सुताराचे काम संपते आणि लोहाराचे सुरू होते. लोखंडाची धाव तो चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतो. लहान धाव मोठ्या चाकावर चढणार कशी? लोहार ती गोवऱ्यांच्या विस्तवात लाल होईपर्यंत तापवितो. तापलेले लोखंड पसरते आणि धाव चाकावर बसते. लगेच तिच्यावर पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसते, आणि करकर आवाज करीत सारे सांधे आवळले जातात. 'उष्णतेने धातू प्रसरण पावतात' हे वाक्य विद्यार्थी विज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. लोहाराने ते आपल्या हातांनी हजार वेळा पडताळून पाहिलेले असते. धाव फार लहान झाली, तर आरे वाकतात. थोडी मोठी राहिली, तर उन्हाळ्यात लाकूड आटताच ती निसटते. नेमके माप अनेक वर्षांच्या सरावाने कारागिराच्या नजरेत मुरलेले असते.

घोड्याच्या गाडीत याहून नाजूक विचार असतो. तिच्या चाकाचे आरे सरळ उभे नसून बाहेरच्या बाजूस थोडे कललेले असतात, त्यामुळे चाक उथळ ताटलीसारखे दिसते. चालताना गाडी डावीउजवीकडे हेलावते. त्या बाजूच्या धक्क्यांपुढे सपाट चाक लवकर खिळखिळे होते, ताटलीसारखे चाक ते धक्के सोसते. बैठकीखाली पोलादी पट्ट्यांच्या कमानी असतात. 1804 साली इंग्लंडमधील ओबडाया एलियट या कारागिराने लंबवर्तुळाकार कमानींची रचना केली आणि गाडीतील प्रवास पुष्कळ सुखाचा झाला. म्हणजे एका बग्गीत सुतार, लोहार, चांभार आणि रंगारी अशा अनेक कारागिरांची विद्या एकत्र आलेली असते. मालकाचे नाव दारावर कोरले जाते. या कारागिरांची नावे कोठेच नसतात. त्यांची सही म्हणजे त्यांचे काम.

अशी गाडी मोडकळीस आली, की ती दुरुस्त करण्याचे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग सोपा. किडलेले आणि न किडलेले असे सारेच लाकूड काढून टाकावे, बाजारात मिळेल ते नवे बसवावे, वर चकचकीत रंग फासावा आणि 'शंभर वर्षांची गाडी' म्हणून ती उभी करावी. ती सुंदर दिसेल. पण ती शंभर वर्षांची नसेल. पाहणाऱ्याची ती फसवणूकच होय. दुसरा मार्ग कष्टाचा. त्यात हत्यार उचलण्यापूर्वी डोळे वापरावे लागतात. प्रत्येक भागाचे माप घ्यावयाचे, चित्र काढावयाचे, त्याला क्रमांक द्यावयाचा. वरचा रंग एका लहानशा जागी हळूच खरवडून खाली कोणते रंग आहेत ते पाहावयाचे. लाकूड जेथे मेले असेल तेवढेच काढावयाचे, आणि त्याच जातीच्या लाकडाचा, त्याच रेषांचा तुकडा तेथे सांधावयाचा. नवा तुकडा कोणता, हे आतल्या बाजूस लिहून ठेवावयाचे, म्हणजे पुढच्या पिढीतील अभ्यासकाचा घोटाळा होत नाही. वैद्य रोग्याचे दुखणे बरे करतो, रोगी बदलीत नाही. जुन्या वस्तूंच्या वैद्यानेही हाच धर्म पाळावा.

कोकणासारख्या प्रदेशात तर हे काम अधिकच जिकिरीचे असते. चार महिन्यांचा पाऊस लाकूड फुगवितो, उन्हाळा ते आटवितो, खारा वारा लोखंड खातो आणि उरलेले वाळवी पाहते. तरीही हे काम होऊ शकते. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, दक्षिण गोव्यातील बाणावली येथे व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी 'गोवा चित्र' नावाचे संग्रहालय उभारले. ते 2009 साली खुले झाले. लोकांनी अडगळ म्हणून टाकलेली शेतीची अवजारे आणि घरगुती वस्तू त्यांनी गोळा केल्या, त्या कशा वापरीत याची माहिती जुन्या माणसांकडून मिळविली आणि मोडलेल्या वस्तू नीट केल्या. पुढे त्यांनी चाकांच्या वाहनांसाठी 'गोवा चक्र' हा स्वतंत्र संग्रह केला. त्यात देशाच्या निरनिराळ्या भागांतील गाड्या पाहावयास मिळतात. पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बन येथे, राणी आमेलिया यांनी 1905 साली राजघराण्याच्या जुन्या रथांचे संग्रहालय स्थापिले. तो मोटारींच्या उदयाचा काळ होता. घोड्याच्या गाड्या लवकरच अडगळीत जातील, हे तेव्हाच ओळखल्यामुळे आज जगाला ते वैभव पाहता येते. आपल्या देशाच्या राष्ट्रपतींची जुनी बग्गी तर अजून रस्त्यावर येते. 2024 च्या प्रजासत्ताकदिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन तीतूनच कर्तव्य पथावर आले. त्यापूर्वीची चाळीस वर्षे या सोहळ्यास बग्गी वापरलेली नव्हती. पण तिची निगा चालू राहिली होती, म्हणून पुन्हा गरज पडताच ती धावू शकली.

या विचाराविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला आक्षेप घोड्याच्या बाजूचा. शहरातील तापलेल्या डांबरावर, मोटारींच्या गोंगाटात, पुरेसे पाणी आणि विश्रांती नसताना घोड्यांनी धावावे, ही क्रूरता होय. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने मौजेसाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदेशीर ठरविल्या आणि त्यांवर पोट असलेल्या लोकांच्या पुनर्वसनाची योजना करण्यास शासनास सांगितले. पुढे 2021 साली त्याच जुन्या घाटाच्या, पण विजेवर चालणाऱ्या गाड्या मुंबईत आल्या. या निर्णयाबद्दल हळहळ वाटण्याचे कारण नाही. मुक्या प्राण्याचे हाल थांबणे ही प्रगतीच आहे. परंतु घोड्याची सुटका झाली म्हणून चाक घडविणाऱ्याची विद्याही टाकून द्यावी, असे त्यातून निघत नाही. जुन्या काळाचा वारसा घेताना त्यातील दोष घेण्याची सक्ती नसते.

दुसरा आक्षेप असा, की बग्ग्या या राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्या. ज्या काळी सामान्य माणूस अनवाणी चालत होता, त्या काळच्या मूठभरांच्या चैनीच्या वस्तू आज लोकांच्या पैशाने का सांभाळाव्यात? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच संग्रहालयात राजाच्या बग्गीशेजारी शेतकऱ्याची बैलगाडी आणि मालवाहू छकडाही असला पाहिजे. बग्गीत कोण बसत होते, हे सांगताना तिच्यामागे कोण धावत होते, हेही सांगितले पाहिजे. राजाची गाडी मोडून टाकल्याने अन्याय पुसला जात नाही. पुसली जाते ती तिच्यातील सुतारा-लोहारांची खूण.

तथापि वस्तू सांभाळल्या म्हणजे सारे झाले, असे नव्हे. काचेच्या कपाटातील चाक स्वतःसारखे दुसरे चाक घडवू शकत नाही. ते काम हातांचे. सावंतवाडीची गंजिफा या बाबतीत उत्तम धडा देते. वर्तुळाकार पत्त्यांवर देवतांची चित्रे रंगविण्याची ही कला एके काळी तेथील चितारी घराण्यांत भरात होती. दशावतारी गंजिफेच्या एका संचात 120 पाने असतात. विसाव्या शतकात छापील पत्ते आले, मागणी आटली आणि ही कला जाणणारे अगदी थोडे वृद्ध उरले. त्या वेळी सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जुने संच नुसते कपाटात मांडून समाधान मानले नाही. त्यांनी हयात कारागिराकडून ती कला शिकून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केले आणि नव्या मुलामुलींच्या हाती कुंचला दिला. 2024 साली सावंतवाडीच्या गंजिफेला आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. ती वेळ साधली नसती, तर मानांकन द्यावयास गंजिफा उरली असती, पण गंजिफा करणारा उरला नसता.

चाकांच्या बाबतीत आज तीच वेळ आली आहे. बैलगाडीला रबरी चाके लागली, नांगरणीला यंत्र आले. मालवणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या दिसतात. हा बदल थांबविता येणार नाही, आणि थांबवूही नये. गाडीवानाला आणि कोळ्याला सोयीचे साधन वापरण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण कोणती विद्या जाते आहे, हे जाणून तिला निरोप देणे वेगळे, आणि नकळत ती हातची घालविणे वेगळे. ज्या दिवशी धावेचे माप जाणणारा शेवटचा लोहार डोळे मिटेल, त्या दिवसापासून जगातील सगळी संग्रहालये मिळूनही ते माप परत आणू शकणार नाहीत.

यासाठी मोठा निधीच लागतो असेही नाही. आपल्या गावातील वृद्ध सुताराजवळ बसून त्याने चाकाच्या प्रत्येक भागाचे सांगितलेले नाव वहीत उतरविणे, त्याचे चित्र काढणे, हत्याराचा उपयोग विचारणे, हे शाळेतील मुलामुलींनाही करता येईल. असे म्हातारे कारागीर बहुधा अबोल असतात, कारण पुष्कळ वर्षांत त्यांना कोणी काही विचारलेलेच नसते. एखाद्या मुलाने विचारले, तर ते हातातील काम बाजूला ठेवून बोलतील. अशा दहा गावांच्या दहा वह्या झाल्या, तर उद्या गाडी दुरुस्त करू पाहणाऱ्याला त्या दिव्यासारख्या उपयोगी पडतील.

मांगरातील ते चाक अजून भिंतीला टेकून उभे आहे. ते सरपणासाठी फोडू नये आणि भडक रंगाने सजवूही नये. आधी त्याच्यावरील धूळ पुसावी, त्याचे आरे मोजावेत आणि ते ज्याला कळते अशा माणसाला हाताला धरून तेथे आणावे. चाक त्याच्याशी बोलेल. आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाला ती भाषा शिकता येईल.