गोठ्यातली बार्बी

मागच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या चर्चेत एका वाक्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या : ‘डिस्नेच्या राजकन्या आणि ती बार्बी, यांनी आपल्या मुलींचं वाटोळं केलं.’ मीही वाजवल्या. घरी जाताना राजवाड्यासमोर खेळण्यांची हातगाडी दिसली. गुलाबी फ्रॉकवाल्या बाहुल्या पिशव्यांत उभ्या होत्या. त्या बघून मला आमचा नाताळचा गोठा आठवला.

मी आठ वर्षांची असेन. नाताळ दोन दिवसांवर आणि गोठ्यातली मरीयामाता माझ्या हातून पडून फुटली. मला वाटलं, आता आजी बडवणार. पण तिनं माझी बार्बी मागून घेतली, निळ्या रुमालाचा पदर तिच्या डोक्यावरून घेतला आणि बाळ येशूशेजारी टेकवून ठेवली. ‘गुडघेच वाकत नाहीत गं मेलीचे,’ एवढीच तिची तक्रार. बार्बी योसेफाच्या दुप्पट उंच, त्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा हसला. तिच्या सोनेरी केसांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. कसा काढणार? फुटलेली मूर्तीही गोरीपान, निळ्या डोळ्यांचीच होती.

म्हणून ते वाक्य मला आता पटत नाही. ‘स्लीपिंग ब्यूटी’ पडद्यावर आली जानेवारी १९५९मध्ये आणि बार्बी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत मांडली गेली त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. दोघी एका वयाच्या, म्हणून आपण दोघींना एकाच तागडीत टाकतो. पण सिनेमातली ऑरोरा किती वेळा बघा, ती झोपणार आणि राजपुत्र येईपर्यंत उठणार नाही. १९५०च्या सिंड्रेलाचंही तेच, बूट पायात बसला की गोष्ट संपली. बार्बीला गोष्टच नव्हती. रूथ हँडलर यांनी आपली मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांना मोठ्या बायकांची कामं देऊन खेळते हे पाहिलं होतं. दुकानांत तेव्हा बहुतेक तान्ह्या बाळांच्या बाहुल्या, म्हणजे खेळणारीनं आईच व्हायचं. बार्बीला ना बाळ, ना नवरा. केनसुद्धा १९६१मध्ये आला. तिचं काय करायचं ते खेळणारीनं ठरवायचं. आजीनं तर तिची मरीयामाता केली!

तिची कंबर आणि तिचा रंग मी माफ करत नाहीये. बार्बी याच नावाची काळी बाहुली यायला १९८० उजाडलं. पण ‘आपल्या’ खेळांबद्दल बोलताना आपला आवाज इतका ओला का होतो? आजी नगरकडची. तिच्याकडे चिंध्यांची बाहुली होती आणि खेळ एकच, बाहुला-बाहुलीचं लग्न. लग्नानंतर काय करायचात, असं मी विचारलं. ‘काय करणार? मोडायचं आणि परत लावायचं.’

वेगळी गोष्ट आपल्याकडे सांगून झाली होती. १९५७मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजननं ‘द बनियन डिअर’ हा कार्टूनपट काढला. डिस्नेकडे ‘बाम्बी’वर काम केलेले क्लेअर वीक्स इथल्या चित्रकारांना शिकवायला आले होते. कथा जातकातली : गाभण हरिणीच्या जागी कळपाचा राजा स्वतःची मान पुढे करतो. राजकन्या नाही, लग्न नाही. आपल्या वर्गात मी विचारून पाहिलं, कुणी नावही ऐकलं नव्हतं. आणि आमच्या इंदूरची चामड्याची खेळणी, ज्यांना भौगोलिक मानांकन आहे, त्यांत हरणंही असतात. गोष्ट होती, खेळणंही होतं. दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही. डिस्नेनं नेमकं तेच केलं. गोष्ट आणि तिचं खेळणं एकाच दुकानात ठेवलं.

यंदा नवी मरीयामाता आणली. हीसुद्धा गोरीच, दुसरी मिळाली नाही. बार्बी आता मेंढपाळांच्या रांगेत उभी असते, डोक्यावर तोच निळा रुमाल. तिच्या पायाशी मी चामड्याचं एक हरीण ठेवलंय. आजीनं विचारलं, ‘बेथलेहेमात हरणं होती का गं?’