सुधाकराला दुसरे मंडळ हवे होते!

राम गणेश गडकरी ह्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकर हा कोणी अडाणी मनुष्य नव्हता. तो वकील होता, बुद्धिमान होता, मानी होता. त्याच्या हाती प्याला देण्यास तळीराम होता आणि त्या प्याल्यापाशी त्याला बसवून ठेवण्यास आर्यमदिरामंडळ होते. परंतु प्याला सोडण्याचा निश्चय करून तो जेव्हा बाहेर पडला, तेव्हा त्याला आपल्यात बसवून घेणारे मंडळ कोठेच नव्हते. होते ते त्याला दारातून परतविणारे प्रतिष्ठित सद्गृहस्थ! पुढे काय झाले, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे.

गडकरी १९१९ साली निवर्तले. त्यानंतर सोळा वर्षांनी, १९३५ साली, ते दुसरे मंडळ अमेरिकेतील ओहायो राज्यात, ॲक्रन ह्या गावी जन्मास आले. शेअरबाजारात वावरणारे बिल विल्सन कामानिमित्त तेथे गेले होते. दारू सोडून त्यांना काही महिने झाले होते. काम फसले, गाव परके, आणि पिण्याची ओढ पुन्हा उसळलेली. अशा वेळी त्यांनी पेल्याचा शोध घेतला नाही. आपल्यासारख्याच दारूने पोळलेल्या माणसाचा शोध घेतला. त्यांना डॉ. रॉबर्ट स्मिथ हे शस्त्रवैद्य भेटले. दोघे तासन् तास बोलले. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ह्या संघटनेचा उगम तो हाच. आज ती जगभर पसरली असून मुंबई-पुण्यातही तिच्या बैठका भरतात.

ह्या बैठकीत असते तरी काय? वर्गणी नाही, जातपात नाही, हुद्दा नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच प्रवेशाची अट! तेथे कोणी प्रवचन करीत नाही. जो तो आपली कहाणी सांगतो, ज्याला बोलावयाचे नसेल तो स्वस्थ बसून ऐकतो. जन्मभराची शपथ कोणी घालीत नाही. आजचा दिवस प्यावयाचे नाही, एवढेच मागणे. मध्येच पाय घसरला, तरी दार बंद होत नाही. ही केवळ भाबडी श्रद्धा आहे, असे कोणी म्हणू नये. २०२० साली कॉक्रेन ह्या विख्यात संशोधनसंस्थेने सत्तावीस अभ्यास व दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली. रुग्णाला ह्या बैठकांशी जोडून देणारे उपचार, सतत दारूमुक्त राहण्याच्या कसोटीवर इतर मान्य उपचारांहून सरस ठरतात, असा तिचा निर्वाळा आहे.

मग अडते कोठे? केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या अहवालाप्रमाणे, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस माणसांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. उपचारांची सोय अपुरी आहे, हे खरेच. परंतु आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाचा अडसर निराळाच आहे. झोपडीतला मनुष्य ‘पितो’, आमचा मनुष्य मात्र ‘घेतो’! त्याचे हात थरथरतात ते ‘ताणामुळे’. तो कचेरीत जात नाही तो ‘पित्तामुळे’. पत्नी साहेबांना खोटा निरोप देते, आई शेजाऱ्यांना खोटे सांगते आणि मुले गप्प बसावयास शिकतात. दारूच्या दुकानात शिरताना न वाटणारी लाज बैठकीच्या पायऱ्या चढताना वाटावी, ह्याहून मोठा विपर्यास कोणता? दुकानाचा पत्ता गल्लीतले पोरही सांगेल. बैठकीचा पत्ता आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ही लाज आता टाकून दिली पाहिजे. दारूचे व्यसन हा आजार आहे आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारूमुळे उद्भवणाऱ्या मनोविकारांना आजारच मानले आहे. तेव्हा आरंभ वैद्याच्या सल्ल्याने व्हावा. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. ते काम बैठकीचे नव्हे, रुग्णालयाचे आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या साहाय्याने, १९८६ साली उभारलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्था ह्यासाठीच आहेत. परंतु रुग्णालयातून मनुष्य घरी येतो, आणि खरी परीक्षा तेथून पुढे असते. संध्याकाळ रोजच होते! त्या संध्याकाळी बसावयास जागा हवी, आणि ती जागा म्हणजे ही बैठक.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीवर बैठकीचा पत्ताही लिहावा. शाळांनी आणि गृहसंस्थांनी आठवड्यातून एक संध्याकाळ आपली एक खोली ह्या कामी द्यावी. मालकांनी अशा नोकराला नारळ देण्याआधी उपचारांसाठी रजा द्यावी. घरच्यांनी पांघरूण घालणे सोडून मदत मागावी. केंद्र सरकारचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी त्यासाठीच आहे. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल-ॲनॉन’ ही स्वतंत्र संघटनाही चालत आली आहे.

आणि ज्याच्यासाठी हे लिहिले, त्या वाचकास आमची एकच विनंती. पहिल्या बैठकीला मन रमले नाही, तर दुसरीला जा. ही बैठक पटली नाही, तर दुसऱ्या वस्तीतली शोधा. तेथे तुम्हांला कोणी नाव पुरते विचारणार नाही, की कुळ विचारणार नाही. तुमच्याआधी त्याच पायऱ्यांवर अडखळलेला कोणीतरी आत खुर्ची सरकवून तुमची वाट पाहत असेल!