वयाला शोभेल असं गाणं

परवा आमच्या नेहरूनगरातल्या ज्येष्ठ नागरिकांची बैठक होती. कोजागिरीला कोण काय म्हणणार याची यादी चालली होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "जानम समझा करो." क्षणभर सगळे गप्प. मग एक गृहस्थ म्हणाले, "बाई, वयाला शोभेल असं काहीतरी घ्या की. एखादा अभंग म्हणा." घरी येऊन चपला काढते न काढते तोच पुण्याहून नणंदबाईंचा फोन. त्यांना इतक्यात कुणी कळवलं देव जाणे! त्यांचंही तेच. तेव्हा आज हे लिहायला बसले आहे. वन्सं, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला ठाऊक आहे. शेवटपर्यंत वाचा.

'वयाला शोभेल असं' हे शब्द मी स्वतः वापरलेले आहेत, त्यामुळे मला ते चांगले ओळखू येतात. आशाबाईंचा 'जानम समझा करो' हा अल्बम १९९७ साली आला. कुर्ला स्टेशनाबाहेरच्या कॅसेटवाल्याकडे सकाळ-संध्याकाळ तेच. त्या वर्षी स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलींनी नाचासाठी ते गाणं बसवलं. मी स्टाफरूममध्ये ठणकावून सांगितलं की आजीच्या वयाच्या बाईने असलं उथळ गाणं गाऊ नये आणि आपल्या मुलींनी त्यावर नाचू नये. यादीतून ते लाल पेनाने खोडलं. मुलींनी कोळीगीत केलं. एक मुलगी मात्र विचारून गेली, "बाई, गाणं वाईट आहे की आशाबाई म्हाताऱ्या आहेत?" मी तिला जागेवर बसायला सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांची होते मी तेव्हा, आणि उत्तर नव्हतं.

उत्तर असं होतं की गाणं मी नीट ऐकलंच नव्हतं.

त्या काळात सगळीकडे 'कमबॅक' हा शब्द चालू होता. आशाबाई परत आल्या म्हणे! पण कुठून? १९४३च्या 'माझं बाळ' या चित्रपटापासून ही बाई गात होती. १९८१ला 'उमराव जान' आला. खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं आणि त्या गायकीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८३ला गुलाम अलींबरोबर 'मेराज-ए-गझल'. १९८७ला 'इजाजत', पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार, आणि त्याच वर्षी गुलजार-पंचम यांच्याबरोबर 'दिल पडोसी है'. चित्रपटांतून मागणी कमी झाली असेल, नव्या गायिका आल्या असतील. पण त्या कुठे गेल्या नव्हत्या. आमचे कान मात्र जुन्या छायागीतात अडकून पडले होते.

मग 'रंगीला'. चित्रपट ८ सप्टेंबर १९९५ला लागला, म्हणजे नेमका आशाबाईंच्या बासष्टाव्या वाढदिवशी. पडद्यावर उर्मिला मातोंडकर, वय वर्षं एकवीस. संगीत रहमानचं. लोक म्हणाले, आवाज अजून तरुण आहे. मला हे कौतुकही अपुरं वाटतं. तरुण आवाज पुष्कळ असतात. 'तनहा तनहा' ऐका. शब्दाचा शेवट कुठे सोडायचा, श्वास कुठे ऐकू येऊ द्यायचा आणि कुठे लपवायचा, हे विशीत जमत नाही हो. ते पन्नास वर्षांचं काम आहे. वय आड आलं नाही, वयामुळेच ते गाणं तसं झालं.

'जानम समझा करो'ही असंच. लेस्ली लुईसचं संगीत माझ्या कानाला जरा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाटतं, अजूनही. पण त्यावर आशाबाई ज्या बेफिकिरीने बोलल्यासारखं गातात, तिथे एकही स्वर सैल नाही. उलट आदल्या वर्षीचा 'राहुल अँड आय' मला आवडत नाही. पंचम १९९४च्या जानेवारीत गेले आणि दोन वर्षांत त्यांच्याच चालींवर नवा ठोका चढवून बाजारात आणला. ते शिळ्या कढीला ऊत आणणं होतं. गंमत बघा, आमच्या स्टाफरूमला ते चाललं! जुनी गाणी ना, मग ठीक. नवं गायलं की मात्र वय आठवलं.

आणि हे कुणाला आठवावं? महाराष्ट्राला! बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही शालू नेसून नायिका होत, आणि आमच्या आजोबांची पिढी डोळे पुसत ऐके. आशाबाईंचे वडील मास्टर दीनानाथ 'भावबंधन'मध्ये लतिका होत. पुरुषाने तरुणी व्हावं, तेही देहासकट, याला आम्ही कला म्हटलं. बाईने नुसता आवाज एकविशीच्या मुलीला दिला तर ते अशोभनीय? देव आनंद सत्तरीतही पडद्यावर मिरवत होते. त्यांना कुणी भजनी मंडळात बसायला सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. मागे त्याने टीना टर्नरची गाणी ऐकवली. १९८४ला चव्वेचाळिसाव्या वर्षी तिचा 'प्रायव्हेट डान्सर' आला, तेव्हा तिकडे तेवढंही वय फार मानलं गेलं म्हणे. इंग्रजी शब्द मला अर्धेच कळले (आमचं बी.ए. मराठी माध्यमातलं), पण खरखरीत आवाजातला दम कळला. आशाबाईंचा त्यानंतरचा क्रोनोस क्वार्टेटबरोबरचा अल्बम २००५चा आहे. तेव्हा त्या एकाहत्तर-बहात्तरच्या. माझं आजचं वय जवळपास तेवढंच.

अभंगाला माझी ना नाही. सकाळी देवासमोर म्हणतेच. पण तो 'शोभतो' म्हणून म्हणायचा, तर तुकोबांचाही अपमान आणि माझाही. बैठकीतल्या गृहस्थांना मी म्हटलं, यादीत लिहा, नाहीतर नाव काढा. त्यांनी लिहिलं, पण पेन्सिलीने.

आता अडचण आहे ती वेगळीच. अंतऱ्यात माझा श्वास पुरत नाही आणि आमचे पेटीवाले काका पट्टी खाली घ्यायला तयार नाहीत. रोज संध्याकाळी गच्चीवर तालीम चालू आहे. आठवीतली ती मुलगी आता चाळिशीची झाली असेल. कुर्ल्यात असलीच, तर कोजागिरीला साडेआठला यावं. वन्सं, तुम्हीही या. मसाला दूध आहे.